हायवेवरचं एमबीए कॉलेज: 5 पैकी 2 स्टार, त्यातला एक टॅलीवाल्या मॅडमचा

कॉलेजचं नाव मुद्दाम टाकत नाही. यवतमाळ जिल्ह्यात नागपूर-तुळजापूर हायवेनं कधी गेले असाल तर फ्लेक्स दिसलाच असेल, टाय लावलेले पोट्टे हात बांधून उभे अन मागं काचेची बिल्डिंग, जी आपल्याकडं कुठंच नाही. मी काही तिथं शिकलो नाही, पण दोन्हीकडून गिऱ्हाईक आहे. भाच्याच्या ऍडमिशनसाठी ताईनं मलाच धाडलं होतं, आणि आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत (डाळ मिल आहे, सोयाबीन ग्रेडिंग आहे) मॅनेजर ठेवायचा होता तेव्हा अर्ध्याहून जास्त अर्ज एमबीएचेच आले, त्यातले बरेचसे याच कॉलेजचे.

आधी ऍडमिशनचं सांगतो. चहा आला, पाण्याची बाटली आली, भाच्याला "सर" म्हटलं, तेव्हाच मला शंका आली. तिथले एक सर घरापर्यंत येऊन गेले होते, बिचाऱ्याला ऍडमिशनचं टार्गेट होतं म्हणे, शिकवणाऱ्या माणसाला टार्गेट! ते म्हणे, "मामा, सीईटीचं टेन्शन नोका घेऊ, पोट्टा फक्त पेपरले बसला पायजे." मला वाटलं थापा मारतो. मग नियम पाहिला तर ग्रॅज्युएशनला 50 टक्के (राखीव गटाला 45) आणि सीईटीत (म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत) शून्यापेक्षा जास्त स्कोअर, बस. पेपर 200 प्रश्नांचा, 150 मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे डोळे मिटून गोळे काळे केले तरी शून्य येणं अवघड. अन हीच परीक्षा देऊन मुंबईच्या जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटला जायचं असेल तर खुल्या गटाला साधारण 99.9 च्या वर पर्सेंटाइल लागतो. जमनालालजी आमच्या बाजूच्या वर्ध्याचे, त्यांच्या नावाची संस्था 1965 पासून मुंबईत, आणि वर्ध्या-यवतमाळच्या पोट्ट्याच्या वाट्याला हायवेवरची ही बिल्डिंग. दोन्हीकडं डिग्री मॅनेजमेंटचीच. पण कंपनीवाला डिग्रीचं नाव पाहत नाही, कोणत्या चाळणीतून आला ते पाहतो, आणि इथं चाळणीच नाही.

एवढ्या सीट झाल्या काहून ते बिल्डिंगमधी फिरलं की समजते. आधी तिथं इंजिनिअरिंग होतं, मेकॅनिकलच्या वर्कशॉपला आजही कुलूप आहे. इंजिनिअरिंगला मशिनी लागतात, फार्मसीला लॅब लागते, एमबीएला काय लागते, बेंच अन प्रोजेक्टर. रिकाम्या खोल्यांवर नवीन पाटी लावली, झालं. आणि हे आजचं दुखणं नाही, 2016 मध्येच असोचॅम या उद्योगवाल्यांच्या संघटनेनं सांगून टाकलं होतं की देशात 5500 च्या आसपास बी-स्कूल (एमबीए कॉलेजं) आहेत अन वरच्या 20 सोडल्या तर पास होणाऱ्यांपैकी फक्त 7 टक्के नोकरीच्या लायक. तरी खोल्या भरणं चालूच. आता तर 2024 पासून बीबीएलाही सीईटी लागली, जागांच्या मानानं पेपरला इतके कमी पोट्टे बसले की त्याच वर्षी दुसऱ्यांदा परीक्षा घ्यावी लागली.

फी वर्षाला 80 हजारांच्या घरात सांगितली. "कायची फी मामा, सारं स्कॉलरशिपमधी बसते." इथं नीट वाचा. भाचा ओबीसी, त्याला ट्यूशन फीच्या निम्मेच मिळतात, बाकीचे निम्मे अन डेव्हलपमेंट फी अन युनिफॉर्म (कोट, या उन्हात) घरूनच. मुलगी असेल तर वेगळं, जुलै 2024 च्या जीआरनंतर ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ. पण हे सगळं कॅप राउंडमधून (सरकारच्या प्रवेश फेरीतून) ऍडमिशन घेतली तरच. त्या सरांनी आम्हाला सरळ कॉलेज लेव्हलची सीट (जी कॉलेज स्वतःच भरते) दाखवली होती, "राउंडची वाट कायले पाहता" म्हणून. तिथं बसलो असतो तर निम्मीही गेली असती. याचा वेगळा 1 स्टार कापला.

प्लेसमेंटचा बोर्ड भिंतभर आहे. मी जवळ जाऊन पाहिला, एकच पोट्टा दोन कंपन्यांखाली हसत होता, शर्ट पण तोच. ऑफिसात म्हटलं, एखादं ऑफर लेटर दाखवा बाप्पा, पगाराचा आकडा झाकून दाखवा पाहिजे तर. फाईल प्लेसमेंट ऑफिसरकडं, अन ऑफिसर रजेवर. नंतर आमच्याच गावातला एक पोट्टा, बोर्डावर फोटो असलेला, भेटला. मायक्रोफायनान्समध्ये आहे, सकाळी सातला गाडी काढून गावोगावी बायांच्या गटांचे हप्ते गोळा करतो, हातात 14 हजार, पेट्रोल वेगळं म्हणतात पण महिनाभरानं. त्याच्यासोबत बारावी पास पोट्टेही तेच काम करतात, त्याच पगारात. कामाला नाव ठेवत नाही, उन्हातान्हाचं काम आहे, पण त्याच्यासाठी दोन वर्षं अन एज्युकेशन लोन कशाला? लोनचं पण सांगतो, 4 लाखांपर्यंत तारण मागत नाहीत म्हणून सोपं वाटते, शिकत असताना हप्ता नसतो पण व्याज चढतच असते. सोयाबीनचा हमीभाव 2025-26 चा क्विंटलला 5328 कागदावर होता, मार्केटात काय मिळाला ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. अशा वर्षी लोनचा हप्ता सुरू झाला की बाप गप्प होते.

आता मालाची क्वालिटी. आमच्या इंटरव्ह्यूत मी सगळ्यांना एकच गणित टाकलं. तूर 7000 नं घेतली, 100 क्विंटल, डाळ काय भावानं विकशील? एक पोट्टा चांगला होता, बोलायला स्मार्ट, फाईल चकाचक. आधी स्वॉट ऍनालिसिस सांगितलं, मग म्हणे, "सर, 30 टक्के मार्जिन ठेवू, 9100." आमचा मिलवाला काका दारात उभा होता, दहावी नापास माणूस, तो म्हणे, "बाबू, शंभर पोत्याची शंभर पोती दाय निघते का?" साधारण 70 क्विंटल डाळ धरा, 9100 नं तिचे होतात 6 लाख 37 हजार, तूर घेतली 7 लाखाची. लाईट बिल अन मजुरीच्या आधीच 63 हजारांचा खड्डा, चुनी (डाळीचा उरलेला भुसा-तुकडा) विकून तो काही भरत नाही. पोट्टा लाजला, मलाही वाईट वाटलं, कारण त्याला दोन वर्षांत कोणी मिलमध्ये नेलंच नव्हतं. त्याचा इंटर्नशिप प्रोजेक्ट पाहिला, विषय दूध डेअरीतल्या ग्राहकांचं समाधान, अन पानाच्या वर हेडरमध्ये मोटरसायकल शोरूमचं नाव तसंच राहिलेलं. ही बाईंडिंगची काळी पुस्तकं बसस्टॅंडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडं तयार मिळतात, नाव अन कंपनी बदलून. गाईडची सही आहे, एक्स्टर्नलची (बाहेरून आलेल्या परीक्षकाची) सही आहे, मार्क 80 च्या वर. हेडर कोणी वाचला नाही.

शेवटी आम्ही कोणाला घेतलं? याच कॉलेजची एक मुलगी. आता म्हणाल मग रडता कायले. तिनंही आधी 100 क्विंटलच धरले, पण स्वतःच थांबली अन विचारलं, "उतारा किती धरायचा?" म्हणजे तुरीतून डाळ किती निघते ते. बस. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), जीएसटीचं रिटर्न, ई-वे बिल सगळं येत होतं, अन हे शिकवलं तिथल्या एका मॅडमनं, ज्या लेक्चर संपल्यावर कॉम्प्युटर लॅब उघडून बसायच्या. तिच्या बॅचमध्ये रोज येणारे बोटावर मोजण्याइतकेच, बाकीचे पुण्यात नाहीतर नागपुरात कामाला अन फक्त पेपरला हजर, तरी हजेरी सगळ्यांची भरलेली. मुलीचं म्हणणं असं की घरच्यांनी एसटीनं जाऊन-येऊन होते म्हणून इथंच शिकू दिलं, नागपूरला पाठवलंच नसतं, अन एमबीए चालू आहे म्हणून दोन वर्षं स्थळं तरी थांबली. हा फायदा कुठल्याच ब्रोशरमध्ये नाही पण मी तो मोजतो. पगार मात्र तिला जो देतो तो बी.कॉम.वालीलाही दिला असता, केंद्राच्या 10 हजार एफपीओ (आमच्यासारख्या शेतकरी उत्पादक कंपन्या) काढायच्या योजनेत सीईओसाठी महिन्याला जास्तीत जास्त 25 हजारांची मदत, तीही तीनच वर्षं, त्याच्यावर आमच्यासारख्या कंपनीची ऐपत नाही.

पोट्ट्यांचं मात्र लग्नाच्या बाजारातही चालेना. बायोडाटात एमबीए लिहिलं की पोरीकडचे विचारतात, "हो, पण करते काय?" 2023 च्या तलाठी भरतीत 4644 जागांना 10 लाखांवर अर्ज आले होते, त्याला कोणतीही डिग्री चालत होती, अन आमच्याकडं मुलाखतीला आलेले बरेच जण तो पेपर देऊन आलेले.

कॅन्टीनचे तर्री पोहे मस्त, लायब्ररीत पंखे चालतात, पुस्तकं कपाटात अन चावी शिपायाकडं. हॉस्टेल पाहिलं नाही.

ज्यांना जायचंच आहे त्यांनी कॅप राउंडमधूनच जा. ओरिजिनल टीसी-मार्कशीट दाखवा, ठेवून घेऊ देऊ नका, 2018 च्या यूजीसीच्या नियमानं कॉलेजला ती ठेवून घेता येत नाहीत. आम्हाला पण "राहू द्या, स्कॉलरशिप आली की देऊ" म्हणाले होते. भाच्यानं फाईल उचलली अन बाहेर निघाला, सध्या मिलवर काकाच्या हाताखाली आहे अन संध्याकाळी त्याच मॅडमकडं टॅली शिकतो, त्यांनी आता गावात स्वतःचा क्लास काढला. त्या कॉलेज सोडून गेल्या असतील तर माझे 2 स्टार 1 समजा.