बॅरल की बादली?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरात मासेमारी नौकेच्या इंजिनासाठी १५डब्ल्यू-४० (हा ऑइलच्या दाटपणाचा ग्रेड) ऑइल घाऊक घ्यायचे, तर बहुधा दोन पर्याय समोर येतात: २१० लिटरचे बॅरल किंवा २० लिटरची सीलबंद बादली. लिटरमागे बॅरल सहसा स्वस्त पडते आणि चार-पाच नौका असणाऱ्याला तेच परवडते. मात्र कोकणातल्या पावसात ते ठेवले कसे आहे, यावर सारे अवलंबून असते. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या बॅरलच्या डोक्यावर पाणी साचते, दिवसा तापलेले ऑइल रात्री आकसले की बुचाच्या आट्यांतून तेच पाणी आत ओढले जाते, आणि मग मापात काढलेले ऑइल ताकासारखे पांढुरके दिसते. म्हणून भरलेले बॅरल छपराखाली, आडवे आणि दोन्ही बुचे एका आडव्या रेषेत येतील असे ठेवावे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत अर्धवट उरलेले बॅरल तर मला धोक्याचेच वाटते.

बादली महाग खरी, पण लागेल तेव्हाच फोडता येते. एकच नौका असेल तर मी तीच घेईन. फक्त सील व बॅच क्रमांक पाहून, पक्क्या बिलावरच घ्यावी, आणि रिकामी बादली भंगारात देण्याआधी तिच्या तळाला भोक पाडावे, म्हणजे तीत बनावट ऑइल भरून कोणी विकणार नाही.