उन्हाळ्यात ल्युब्लियाना की तालिन?

युरोपची एखादी लहान राजधानी उन्हाळ्यात निवांतपणे पाहू इच्छिणाऱ्यांपुढे स्लोव्हेनियाचे ल्युब्लियाना आणि एस्टोनियाचे तालिन असे दोन चांगले पर्याय असतात. दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात असून दोन्हीकडे युरो चालतो, त्यामुळे व्हिसा किंवा चलन यांवरून निवड होत नाही. निवड ठरते ती कोणत्या महिन्यात जायचे आणि सोबत कोण असणार, यावरून.

महिन्याचा प्रश्न आधी, कारण महाराष्ट्रातून मुलांना घेऊन निघणाऱ्यांना तोच आड येतो. आपल्याकडील बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणजे हाती उरतो तो मे. त्या महिन्यात ल्युब्लियाना हिरवेगार असते आणि अधूनमधून पाऊस आला तरी हवा सुखद असते. तालिनमध्ये मात्र समुद्रावरचा वारा तेव्हाही बोचरा असतो. जुलैत पारडे फिरते. ल्युब्लियानात दुपारचे तापमान एरवी 27-28 अंशांच्या आसपास असले, तरी उष्णतेच्या लाटेत ते 35 अंशांवर जाऊ शकते, तर तालिनमध्ये ते सहसा 21-22 अंशांपाशी थांबते. शिवाय जूनच्या उत्तरार्धात तालिनचा सूर्य रात्री साडेदहानंतर मावळतो आणि पहाटे चारच्या सुमारास उगवतो. खोलीला जाड पडदे आहेत ना, हे हॉटेल ठरवतानाच विचारलेले बरे. 23 आणि 24 जून हे दोन दिवस मात्र टाळावेत, कारण मध्य-उन्हाळ्याच्या सणासाठी शहरवासी शहर सोडून खेड्यांकडे जातात आणि बरीच दुकाने बंद असतात.

शहर म्हणून तालिन अधिक भरीव आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. हान्सा या मध्ययुगीन व्यापारसंघाच्या काळातील तटबंदी आणि बुरूज येथे मोठ्या प्रमाणावर टिकून आहेत, 1404 साली पूर्ण झालेले नगरभवन अजून उभे आहे आणि त्याच चौकातील औषधालयाचा उल्लेख 1422 पासून सापडतो. अडचण एकच: क्रूझ जहाजे बंदराला लागली की दुपारी गल्ल्या तुडुंब भरतात, म्हणून जुने शहर सकाळी लवकर किंवा रात्रीच्या जेवणानंतरच्या लांबलेल्या उजेडात पाहावे.

ल्युब्लियानाचे सौंदर्य त्यामानाने अलीकडचे आहे. 1895 च्या भूकंपानंतर शहराची मोठी पुनर्रचना झाली आणि पुढे वास्तुरचनाकार योझे प्लेचनिक यांनी तिहेरी पूल, नदीकाठची मंडई आणि राष्ट्रीय ग्रंथालय उभारून त्याला आजचा चेहरा दिला. त्यांच्या या कामाला 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. तरीही शहरासाठी दोन दिवस पुरतात. खरी श्रीमंती आसपास आहे: ब्लेड सरोवर सुमारे 55 किलोमीटरवर, आणि जवळपास तितक्याच अंतरावर पोस्तोयना गुहा, जिच्या आत चक्क छोटी आगगाडी धावते. गुहेतील तापमान बारमाही 10 अंशांच्या आसपास असल्याने भर जुलैतही जाकीट लागते.

ज्येष्ठ मंडळी सोबत असतील, तर मी ल्युब्लियानाच सुचवेन. तालिनच्या दगडगोट्यांच्या वाटा आणि तूम्पेआ टेकडीचा चढ गुडघ्यांची परीक्षा पाहतात. ल्युब्लियानाचा मध्यभाग सपाट आणि मोटारींना बंद असून तेथे ‘कवालीर’ नावाची विजेवरची छोटी वाहने विनामूल्य फिरवतात. किल्ल्यावर जायला फ्युनिक्युलर, म्हणजे दोरखंडाने चढावर ओढली जाणारी छोटी रेल्वे, आहे. हवा चांगली असेल तर शुक्रवारी मंडईलगतच्या चौकात खाद्यबाजार भरतो आणि तेथे शाकाहारी माणसाला उपाशी राहावे लागत नाही.

भारतातून थेट विमान दोन्हीकडे नसल्याने प्रवासाची जोडणीही पाहावी लागते. व्हिएन्ना पाहणार असाल, तर तेथून सेमरिंग घाटातून जाणारी रेल्वे सुमारे 6 तासांत ल्युब्लियानाला पोहोचवते. हेलसिंकीला उतरणार असाल, तर तालिन बोटीने अवघ्या 2 तासांवर आहे.