'इन्फर्नो': अंकांचा क्रम चुकला की गोष्ट हातची गेली

मार्व्हल कॉमिक्सच्या 'इन्फर्नो' या १९८८-८९ मधल्या एक्स-मेन कथानकाचा संग्रह घ्यायचा असेल तर आधी अनुक्रमणिका उघडा. 'अनकॅनी एक्स-मेन' २३९ ते २४३, 'एक्स-फॅक्टर' ३५ ते ३९, 'न्यू म्युटंट्स' ७१ ते ७३ आणि 'एक्स-टर्मिनेटर्स'चे चारही अंक आत हवेत. ही शेवटची छोटी मालिका नसलेली प्रत स्वस्त मिळाली तरी नको. पळवलेल्या तेरा तान्ह्या बाळांचा धागा तिच्यातच आहे. तो सुटला तर टाइम्स स्क्वेअरवर उघडलेलं लिम्बोचं, म्हणजे राक्षसांच्या दुनियेचं, दार म्हणजे नुसता देखावा.

स्पायडरमॅन, डेअरडेव्हिल, फँटॅस्टिक फोर यांचेही जोड-अंक आहेत. पहिल्या वाचनात ते खुशाल सोडा.

त्याऐवजी 'अनकॅनी' २०१ आणि 'एक्स-फॅक्टर' १ मिळवा. पहिल्यात मॅडलिन प्रायरचं नवजात बाळ नॅथन येतं. दुसऱ्यात त्याचा बाप स्कॉट समर्स, मेली समजलेली जुनी प्रेयसी जीन ग्रे जिवंत असल्याचं कळताच बायको मॅडलिनला आणि मुलाला टाकून निघतो. हे ठाऊक असेल तरच मॅडलिन समजते. 'अनकॅनी' २४१ मध्ये तिला कळतं की आपण जीनची प्रतिकृती आहोत, खलनायक मिस्टर सिनिस्टरने घडवलेली. मग ती पोटच्या पोराचा बळी द्यायला निघते. लेखक क्रिस क्लेअरमॉन्ट आणि लुईस सायमन्सन यांनी तिला खलनायिका केलं खरं, पण स्कॉटचा हिशेब फार सैल हाताने मिटवला. ही खोट आजही बोचते.

शेवटाचा क्रम पक्का ठेवा: 'एक्स-टर्मिनेटर्स' ४, 'न्यू म्युटंट्स' ७३, 'अनकॅनी' २४२, 'एक्स-फॅक्टर' ३८, 'अनकॅनी' २४३, 'एक्स-फॅक्टर' ३९. एकेक मालिका सलग वाचणाऱ्यांचा घोळ इथेच होतो. २४२ मध्ये एक्स-मेन आणि स्कॉट-जीनचा एक्स-फॅक्टर हे दोन्ही संघ समोरासमोर येतात, आणि एक्स-मेन मेले अशीच एक्स-फॅक्टरची समजूत असते. त्यात राक्षसी प्रभावाने एक्स-मेन चिडखोर झालेले. त्यामुळे आधी हाणामारी, मग एकजूट. नॅथनची सुटका ३८ मध्ये. मालिका नीट आलटून-पालटून वाचली नाही, तर वाचवलेलं पोर पुढच्या पानावर पुन्हा संकटात दिसतं.

चित्रांत मात्र सांधा दिसतो. 'अनकॅनी'त मार्क सिल्व्हेस्ट्रीच्या रेषा बारीक, चपळ. 'एक्स-फॅक्टर'मध्ये वॉल्ट सायमन्सनच्या जाड, ठोकळेबाज, आणि राक्षसांना त्याच शोभतात. चालू लढाईत चेहरे बदलतात. मजकूरही दाट: दर महिन्याच्या नव्या वाचकासाठी प्रत्येकाची शक्ती पुन्हापुन्हा सांगितलेली. सलग वाचताना हे संवादांचे फुगे खटकतात, नजरेने ओलांडले तरी चालतात. २४३ आणि ३९ मधला सिनिस्टरचा खुलासा तसा ओलांडू नका. तो लांबतो, पोर सुटल्यावर येत असल्याने ताणही ओसरलेला असतो, पण मॅडलिनला कशासाठी घडवलं याचं उत्तर तिथेच आहे.