‘मांसाचा रोल’ म्हणून आम्हाला कातडं विकलं

मोत्याच्या पोटावरचे टाके काल निघाले. आता तो जिना चढतो, दारात कुणी आलं की शेपटी हलवतो, पण जेवणाचं भांडं ठेवलं की आधी लांबूनच वास घेतो. लॅब्रॅडॉर कुत्रा खाण्यापासून मागे सरकतो हे पाहवत नाही. कुत्र्याच्या खाऊच्या ज्या पाकिटाने ही वेळ आणली त्यावर ‘१०० टक्के नैसर्गिक’ असं छापलेलं होतं.

ते मी पुण्यातल्या एका रविवारच्या प्रदर्शनात घेतलं. स्टॉलवरचा माणूस गोड बोलणारा. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, “ताई, दुकानात ती पांढरी गाठीची हाडं मिळतात ना, ती अजिबात देऊ नका. कातडं असतं ते. पोटात अडकतं. आमचे रोल म्हशीच्या मांसाचे, उन्हात वाळवलेले.” कातड्यापासून मला सावध त्यानेच केलं, म्हणून माझा विश्वास बसला. सहा रोल, ६९० रुपये. रंग तपकिरी, वास भाजलेल्या चिकनचा. मी एवढंच विचारलं, “नैसर्गिक आहे ना सगळं?” तो म्हणाला, “शंभर टक्के.” माझा प्रश्नच चुकला. कातडंही नैसर्गिकच असतं.

मोत्याने चार दिवसांत चार रोल संपवले. पाचव्याचा शेवटचा बोटभर तुकडा त्याने न चावताच गिळला. मी समोरच होते. वाटलं, मांस आहे, विरघळेल. त्या रात्री दोनदा उलटी झाली. दुसऱ्या दिवशी पाणीसुद्धा पोटात ठरेना, शी बंद. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर, अशा अवस्थेत तो बराच वेळ उभा राहायला लागला. मला वाटलं आळस देतोय. पोट दुखत असलं की कुत्री अशी उभी राहतात, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. या गैरसमजात माझा आणखी अर्धा दिवस गेला, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

एक्स-रेमध्ये आतडं वायूने फुगलेलं दिसत होतं, पण अडकलंय काय ते कळेना, कारण कातडं हाडासारखं ठळक दिसत नाही. सोनोग्राफीत जागा सापडली आणि त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्टीलच्या ट्रेमध्ये तो तुकडा दाखवला. फुगून दुप्पट झालेला, पांढरट, चपलेच्या पट्ट्यासारखा चिवट. सगळा खर्च बेचाळीस हजारांवर गेला.

“घरी एखादा उरलाय का?” डॉक्टरांनी विचारलं. “गरम पाण्यात रात्रभर ठेवून बघा.”

ठेवला. सकाळी पाणी चहासारखं झालेलं, म्हणजे तो तपकिरी रंग आणि वास वरून चढवलेला होता. रोल उलगडून त्याची एक पांढरी, बुळबुळीत चादर झाली होती. दोन्ही हातांनी ओढली तरी फाटेना. वाळवलेलं मांस भिजलं की धाग्याधाग्याने सुटतं. हे न कमावलेलं कातडं होतं. चपला-पट्ट्यांसाठी कातड्याचा वरचा थर जातो आणि खालचा थर उरतो, त्याचेच असे रोल नि हाडं बनवतात. केस काढायला चुना किंवा तसंच रसायन लागतं, आणि पांढरं दिसावं म्हणून बऱ्याचदा ब्लीचही करतात.

मग पाकीट नीट वाचलं. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, महिना-वर्ष नाही. फक्त अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, तोही सरकारी संकेतस्थळावर तपासला तर भलत्याच जिल्ह्यातल्या फरसाणवाल्याचा निघाला. मुळात तो परवाना माणसांच्या खाण्यासाठी असतो. कुत्र्याच्या खाऊवर तो दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, “ताई, कातडं म्हणजे मांसाचाच भाग ना?” नंतर त्याने मला ब्लॉक केलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पाकीट, पैसे भरल्याची पावती, भिजवलेल्या तुकड्याचे फोटो आणि डॉक्टरांची कागदपत्रं जपून ठेवली आहेत. तुम्हीही पाकीट फेकू नका.

आता मी दुकानात सरळ विचारते: कुठल्या जनावराचा कुठला भाग, आणि तो कशाने वाळवला? अडखळला की मी निघते. घरी आणलेला पहिला तुकडा भिजवून बघते. नख दाबून पाहते, कारण नख अजिबात रुतत नसेल इतक्या टणक वस्तूने कुत्र्याची दाढ तुटू शकते. शिजवलेली हाडं तर नाहीच, त्यांच्या टोकदार काड्या होतात. काहीही दिलं तरी समोर बसते आणि तुकडा अंगठ्याएवढा उरला की काढून घेते. मोत्या सहज सोडत नाही, त्याला उकडलेल्या चिकनचा तुकडा दाखवावा लागतो.

त्याच स्टॉलवर सांबराच्या शिंगाचे तुकडेही होते, ‘जंगलात गळून पडलेली, कुणाला मारलेलं नाही’ असं सांगून. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ती विकणं गुन्हा आहे, गळून पडलेली असली तरी. तेव्हाच मी मागे फिरायला हवं होतं.

परवा मैत्रिणीने पिंपरीच्या एका प्रदर्शनातला फोटो पाठवला. स्टॉल तोच, माणूस तोच. पाकीट आधी पिवळं होतं, आता हिरवं आहे आणि त्यावर डोंगराचं चित्र आहे. आतले रोल तेच, तपकिरी, दोन्ही टोकांना पीळ दिलेले.