पीएस/टू कीबोर्डसाठीचा यूएसबी कन्व्हर्टर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ठाण्यात नौपाड्यामध्ये माझे मराठी अक्षरजुळणीचे काम चालते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल आणि पावसाळ्यापासून सुरू होणारी दिवाळी अंकांची पाने, हे सगळे मी रेमिंग्टन मांडणीत (जुन्या टंकयंत्रावरच्या कळांच्या क्रमाने) एकाच टीव्हीएस गोल्ड कीबोर्डवर करत आलो आहे. त्याच्या मेकॅनिकल कळांवर हात इतका बसला आहे की दुसऱ्या कीबोर्डवर जोडाक्षरे चुकतात. नवा संगणक घेतला तेव्हा त्याला पीएस/टूचा, म्हणजे कीबोर्ड-माउस जोडण्याचा जुना गोल पोर्टच नव्हता, आणि तिथून या वस्तूचा शोध सुरू झाला.

प्रथम स्टेशनजवळच्या एका दुकानात मला ‘हमखास चालेल’ असे सांगून एक छोटी हिरवी टोपी देण्यात आली. तिच्यात चिप नसते, फक्त तारा एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यामुळे जे कीबोर्ड किंवा माउस मुळातच पीएस/टू आणि यूएसबी या दोन्ही पद्धतींनी बोलू शकतात त्यांनाच ती उपयोगी पडते. माझा कीबोर्ड त्यांतला नव्हता. त्यानंतर गोखले रोडवरून जांभळे आणि हिरवे असे दोन सॉकेट असलेला, आत चिप असलेला कन्व्हर्टर साडेतीनशे रुपयांना घेतला. त्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नाही.

या कन्व्हर्टरची पारख करायची तर जुना संगणक सुरू होताना काय घडत असे ते माहीत हवे. वीज मिळताच कीबोर्ड अर्ध्या ते पाऊण सेकंदात स्वतःची चाचणी घेतो. न्यूम, कॅप्स आणि स्क्रोल लॉकचे तिन्ही दिवे क्षणभर एकदम लागून विझतात ते त्यामुळेच. चाचणी उत्तीर्ण झाली की तो षोडशमान (सोळा अंकांच्या) पद्धतीतला ‘एए’ हा संकेत पाठवतो. पुढचे काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या ड्रायव्हरचे, म्हणजे उपकरण हाताळणाऱ्या प्रोग्रॅमचे. विंडोजमध्ये त्याचे नाव ‘आय८०४२पीआरटी’ आणि लिनक्समध्ये ‘आय८०४२’ असे आहे. दोन्ही नावे कीबोर्ड हाताळणाऱ्या इंटेलच्या मूळ नियंत्रक चिपवरून आलेली आहेत. लिनक्समध्ये कीबोर्डला ‘एफ२’ पाठवून ओळख विचारली जाते, आणि साधा कीबोर्ड ‘एबी ८३’ असे उत्तर देतो. प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी कीबोर्डला इंटरप्ट १ आणि माउसला १२ हे ठरलेले क्रमांक. ही विचारपूस मुख्यतः सुरुवातीलाच होत असल्याने, त्या वेळी न जोडलेला माउस विंडोजमध्ये नंतर जोडला तर बहुधा रीस्टार्ट करावेच लागे. सिरियल पोर्टवरचा माउस शोधण्याची तऱ्हा तर अशी होती की विंडोज एनटी सुरू होताना त्या पोर्टवर पाठवले जाणारे संकेत तिथे जोडलेला यूपीएस भलत्याच अर्थाने घेऊ शके, आणि म्हणून तो शोध बंद करण्याची सोय बूट फाइलमध्ये द्यावी लागली होती.

कन्व्हर्टर लावल्यावर ही सगळी विचारपूस त्याच्यातली चिप करते आणि ऑपरेटिंग सिस्टिमला केवळ एक यूएसबी कीबोर्ड व एक यूएसबी माउस दिसतो. जांभळा सॉकेट रिकामा ठेवून पाहिले तरी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या उपकरणांच्या यादीत) कीबोर्ड हजर होता, म्हणजे तिथली नोंद पाहून काहीच निदान करता येत नाही.

टायपिंगच्या बाबतीत माझी तक्रार नाही. भरभर टंकताना अक्षर गळत नाही, दोन कळा एकत्र दाबल्या तरी क्रम चुकत नाही, आणि बायॉसच्या (संगणकाच्या मूळ सेटिंगच्या) पडद्यावरही कळा चालतात. मात्र तो पडदा उघडायला पॉवरचे बटण दाबल्याबरोबर डिलीट दाबले तर ते वाया जाते. तीन दिवे लागून विझेपर्यंत थांबून मग दाबावे लागते.

दोष दोन आहेत आणि दोन्ही त्या विचारपुशीतलेच आहेत. कीबोर्डची पिन निघून पुन्हा लावली, तर कीबोर्ड नव्याने ‘एए’ पाठवत असला पाहिजे, पण चिप ते मनावर घेत नाही. कन्व्हर्टरच यूएसबीतून काढून पुन्हा लावावा लागतो. दुसरा दोष मोठा आहे: माउसचे चाक चालत नाही. चाकाचा माउस सुरुवातीला साधा माउस म्हणूनच स्वतःची ओळख देतो. नमुन्यांचा वेग (माउस सेकंदाला किती वेळा माहिती पाठवतो तो आकडा) क्रमाने २००, १०० आणि ८० असा ठरवून पुन्हा ओळख विचारली तरच तो ‘०’ऐवजी ‘३’ सांगतो आणि चाकाची माहिती पाठवू लागतो. तोच माउस जुन्या संगणकावर नीट चालतो, त्यामुळे ही पायरी या चिपमध्ये घातलेलीच नसावी असे माझे मत झाले आहे. अडीचशे पानांचा अहवाल तपासताना चाकाशिवाय फार त्रास होतो.

मी हिरवा सॉकेट रिकामाच ठेवला आहे, साधा यूएसबी माउस वापरतो, आणि मदतनीसाच्या कीबोर्डसाठी असाच आणखी एक कन्व्हर्टर आणला आहे. घ्यायचा असेल तर आपला कीबोर्ड आणि माउस सोबत घेऊन जावे, दुकानातल्या संगणकाला कन्व्हर्टर लावून तीन दिवे लागतात का ते पाहावे, आणि पैसे देण्याआधी चाक फिरवून बघावे.