लँडलाइन सोडून आठ महिने: आईच्या घरच्या इंटरनेट फोनचा अनुभव

आई एकटी राहते. तिच्या घरची लँडलाइन बंद करून फोन इंटरनेटवर घेतला, त्याला आता आठ महिने झाले. नंबर तोच राहिला, फोनही तोच. फक्त त्याची वायर आता भिंतीतल्या सॉकेटमध्ये न जाता राउटरशेजारच्या छोट्या अडॅप्टरमध्ये जाते, जो साधा फोन इंटरनेटला जोडतो. पहिल्या आठवड्यात कुणी विचारलं असतं, तर मी "बिनधास्त घ्या" असंच सांगितलं असतं. आवाज स्वच्छ होता, जुन्या लाइनची खरखर गेली होती. आता कुणी विचारलं, की मीच आधी विचारते: तुमच्याकडे लाइट गेल्यावर काय होतं?

तिसऱ्याच आठवड्यात रात्री तिच्याकडे लाइट गेली. मी फोन लावत होते, तो लागत नव्हता. तिकडे ती अंधारात चाचपडत फोनपर्यंत गेली, रिसीव्हर उचलला, तर डायल टोन नाही. लाइट गेली तरी फोन चालतो, यावर ती आयुष्यभर विसंबून होती. आणि ते खरंच होतं, कारण जुन्या फोनला घरातली वीज लागतच नव्हती. टेलिफोन एक्स्चेंजमधून तांब्याच्या दोन तारांवरून साधारण ४८ व्होल्टचा पुरवठा यायचा आणि एक्स्चेंजमागे बॅटऱ्या असायच्या. फोन जिवंत ठेवण्याचं काम तिकडचं होतं. आता ते घरातल्यांचं झालं आहे, आणि कनेक्शन देताना हे कुणीही सांगितलं नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

दुसऱ्या दिवशी मी राउटरसाठी छोटा यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर बॅटरीवर वीज देणारा डबा, आणला. पुढच्या वेळी लाइट गेली तेव्हा राउटरचे दिवे चालू आणि फोन मात्र बंद. फायबरची तार ज्या डबीत येते ती डबी, राउटर आणि फोनचा अडॅप्टर, अशी तीन यंत्रं आहेत आणि तिन्हींना वीज लागते. मी एकालाच दिली होती. आता तिन्ही यूपीएसवर आहेत. तरीही एकदा बराच वेळ वीज नव्हती तेव्हा घरचा यूपीएस शाबूत असताना इंटरनेटच गेलं, कारण वाटेतल्या यंत्रांची बॅटरी आपल्या हातात नसते. म्हणून फोनशेजारी एक साधा मोबाइल चार्ज करून ठेवला आहे. यूपीएसची बॅटरीही जुनी होते, तेव्हा दर दोन महिन्यांनी फोनवर बोलता बोलता मेन स्विच बंद करून बघायचं, असं आम्ही ठरवलं आहे.

याहून जास्त त्रास एका न दिसणाऱ्या बिघाडाने दिला. चौथ्या महिन्यात मावशी म्हणाली, "तुझ्या आईचा फोन लागतच नाही गं." आई म्हणे, फोन तर चालू आहे, मी सकाळीच दोघींना फोन लावून बोलले. दोघींचंही बरोबर होतं. बाहेर फोन लागत होता, आत येत नव्हता. अडॅप्टर ठरावीक वेळाने कंपनीच्या सर्व्हरला "मी इथे आहे" असं कळवतो. मधल्या काळात काहीच हालचाल नसली, तर राउटर ती वाट बंद करून टाकतो. मग येणारा कॉल दारातच अडतो आणि घरात कुणाला पत्ता लागत नाही. ग्राहक सेवेचं उत्तर प्रत्येक वेळी एकच, "राउटर बंद करून चालू करा." तसं केल्यावर नव्याने नोंदणी व्हायची आणि फोन चालायचा, त्यामुळे खरा दोष आणखी महिनाभर झाकून राहिला. शेवटी अडॅप्टरच्या सेटिंगमध्ये 'कीप अलाइव्ह', म्हणजे वाट उघडी ठेवणारा छोटा संदेश, दर ३० सेकंदांवर ठेवला आणि राउटरमधलं 'सिप एएलजी', म्हणजे इंटरनेट फोनच्या संदेशांत फेरफार करणारी सोय, बंद केलं. कधीकधी एकाच बाजूचा आवाज ऐकू यायचा, तोही प्रकार त्यानंतर थांबला.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर लिहिते. या फोनला वेग फारच कमी लागतो. नेहमीच्या पद्धतीत आवाजाचे दर २० मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवतात, आणि सगळं धरून एका कॉलला सेकंदाला १०० किलोबिटसुद्धा लागत नाहीत. तरी आईचा आवाज तुटायचा. कारण सापडलं ते तिच्या काळजीपोटी मीच बसवलेल्या कॅमेऱ्यात. तो सतत घरातून इंटरनेटवर व्हिडिओ पाठवत होता. कनेक्शनला डाउनलोड भरपूर, अपलोड मात्र बेताचं, त्यामुळे आवाजाचे तुकडे रांगेत ताटकळायचे. एका बाजूने दुसरीकडे आवाज पोहोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा फार जास्त लागले, की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. आमचं तेच होत होतं. आईला वाटलं, आपल्यालाच कमी ऐकू येतंय. ती फोन लवकर ठेवू लागली होती, आणि ती दमली असेल असं मला वाटत होतं. राउटरमध्ये अडॅप्टरला पहिलं प्राधान्य दिलं आणि आवाज सुधारला. ते दोन महिने मात्र मला अजून बोचतात.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. बँकेच्या फोनवर "एक दाबा" म्हटल्यावर दाबलेला आकडा ओळखला जात नव्हता. बटणांचे सूर आवाजात न मिसळता वेगळे पाठवण्याचं सेटिंग असतं, ते केल्यावर जमलं. फॅक्स किंवा फोनलाइनवर चालणारा चोरीचा अलार्म असेल, तर आधी नीट चौकशी करा. डेटा वाचवण्यासाठी आवाज आक्रसून पाठवणाऱ्या पद्धतींत फॅक्सचे सूर टिकत नाहीत. गोल डायलचा जुना फोन बऱ्याच अडॅप्टरना कळत नाही.

आणीबाणीचा मुद्दा मात्र थोडक्यात उरकण्यासारखा नाही. लँडलाइनची तार एका पत्त्याला बांधलेली होती. हा अडॅप्टर कुठेही नेऊन लावता येतो, त्यामुळे मदत पाठवणाऱ्यांना जुनाच पत्ता दिसू शकतो. आपल्या नंबरासोबत कोणता पत्ता नोंदला आहे, हे कंपनीला विचारून घ्या. ब्रिटनमध्ये वृद्धांची गळ्यात घालायची मदतीची बटणं या बदलात बंद पडल्याच्या गंभीर घटना घडल्या, आणि डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांना ग्राहकांना सक्तीने नव्या सेवेवर नेणं थांबवावं लागलं. घरात तसं बटण असेल, तर ते नव्या फोनवर स्वतः दाबून बघितल्याशिवाय जुनी लाइन सोडू नका.

मी जुनी लाइन परत मागून पाहिली. ती आता मिळत नाही, असं सांगितलं. नंबर नव्या सेवेकडे नेला की जुनं कनेक्शन बंद होतं, म्हणून आज घ्यायचं असतं तर आधी वेगळ्या नंबरावर इंटरनेट फोन घेतला असता, तीन महिने दोन्ही चालवले असते आणि मग जुना नंबर हलवला असता.

आई अजूनही झोपण्याआधी रिसीव्हर उचलून डायल टोन ऐकते. पण तो टोन आता एक्स्चेंजमधून येत नाही, शेजारचा अडॅप्टरच तो वाजवतो. बाहेरून फोन लागेल की नाही, हे त्यावरून कळत नाही. म्हणून मी रोज रात्री साडेनऊला तिला फोन लावते. ती उचलते, "येतोय गं आवाज" म्हणते, आणि मग आम्ही बोलत बसतो.