एमआरआयचं इंजेक्शन: गॅडोलिनियम की नॅनो लोह?

सेवाग्रामला किंवा नागपूरच्या मेडिकलला एमआरआय लिहून देताना डॉक्टर ‘कॉन्ट्रास्ट लागेल’, म्हणजे चित्र ठळक दिसण्यासाठी शिरेतून औषध द्यावं लागेल म्हणाले, की घरच्यांची धाकधूक वाढते. त्यात कुणी सांगतं, नॅनो कणांचं औषध किडनीला चालतं. गडचिरोली-भंडाऱ्याकडच्या रुग्णाने मात्र औषध नवं की जुनं हे पाहू नये. आपली किडनी कशी आहे आणि घरात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे का, हे आधी पाहावं.

नेहमीचं औषध गॅडोलिनियमचं, पाण्यासारखं स्वच्छ. त्याने गाठ, सूज पांढरी उजळून दिसते आणि किडनी धड असली तर दिवसभरात ते बहुतेक लघवीवाटे निघून जातं. मोकळं गॅडोलिनियम विषारी, म्हणून ते रेणूत बांधलेलं असतं. लिनिअर (उघड्या साखळीच्या) प्रकारात, म्हणजे गॅडोडायमाइडसारख्या जुन्या औषधांत, ही बांधणी सैल असते. किडनी निकामी झालेल्यांची कातडी कडक होऊन सांधे आखडण्याच्या आजाराशी या औषधांचा संबंध २००६ मध्ये जोडला गेला आणि युरोपने २०१७ मध्ये त्यातली काही थांबवली. गॅडोटेरेट, गॅडोब्युट्रॉल या औषधांत गॅडोलिनियम बंद कड्यात घट्ट धरलेलं असतं, म्हणून ही कितीतरी सुरक्षित. इंजेक्शनआधी बाटलीवरचं नाव विचारा आणि हीच मागा.

नॅनो लोह म्हणजे फेरुमॉक्सिटॉल, काळपट तपकिरी. किडनीच्या रुग्णांच्या रक्तक्षयासाठी अमेरिकेत ते २००९ मध्ये मान्य झालं. एमआरआयसाठी दिलं की त्याचे लोहाचे अतिसूक्ष्म कण बराच वेळ रक्तातच राहतात, त्यामुळे रक्तवाहिन्या छान दिसतात. पुढे यकृत-प्लीहेतल्या पेशी हे कण गिळून टाकतात, किडनीवर भार पडत नाही. डायलिसिसवर असलेल्यासाठी हा मोठा आधार आहे. पण क्वचित जिवावर बेतणारी ॲलर्जी येते. २०१५ पासून अमेरिकेत त्यावर सर्वांत कडक इशारा छापलेला असतो. म्हणून ते सलाइनमधून सावकाश द्यायचं आणि नंतर अर्धा तास रुग्णावर नजर ठेवायची. शिवाय पुढच्या तीन महिन्यांतल्या एमआरआयवर त्याचा परिणाम दिसू शकतो.

सिकलसेलच्या एसएस रुग्णाचं, म्हणजे आई-वडील दोघांकडून दोष आलेल्याचं, गणित वेगळं. वारंवार रक्त चढवून ज्याच्या यकृतात लोह साचलंय, त्याला नॅनो लोह नकोच. त्याच्यासाठी बंद कड्याचं गॅडोलिनियम बरं. मात्र या आजारात किडनी बिघडूनही क्रिएटिनिन (किडनीची नेहमीची रक्ततपासणी) नॉर्मल येऊ शकतं, म्हणून लघवीतलं प्रोटीनही तपासून घ्या आणि सिकलसेलचं कार्ड रेडिओलॉजिस्टच्या हातात द्या. यकृतात लोह किती साचलंय एवढंच पाहायचं असेल, तर त्या एमआरआयला कुठलंच इंजेक्शन लागत नाही.